तीस लाख पाहुणे आणि माझ्या खुर्च्या

डापाभावोजींबद्दल सांगायचं तर आधी माझ्या खुर्च्यांबद्दल सांगावं लागेल. माझ्या चाळीस खुर्च्या अजून त्यांच्याकडे अडकून आहेत आणि या जन्मी त्या परत येतील असं काही दिसत नाही. मी फ्रेमा. आमच्या अमोआक्रोम गावात आणि आसपासच्या गावांत कुणी गेलं की घरचे आधी मोठ्यानं रडतात आणि मग माझ्याकडे येतात. मंडप माझा, खुर्च्या माझ्या. निळ्या प्लास्टिकच्या, पाठीवर पांढऱ्या रंगात माझं नाव, कारण रडायला आलेली माणसं जाताना खुर्ची घेऊन जातात. शनिवारी आमच्याकडे अंत्यविधी असतात. रडणं ज्याचं त्याचं, बसणं माझं.

डापाभावोजी हे माझ्या मैत्रिणीचे, सारपोमाचे यजमान. आयुष्यभर लॉरी चालवली. लॉरीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, ‘घाई कशाला?’ आणि कुमासीच्या रस्त्यावर त्यांच्याइतकी घाई दुसऱ्या कुणी केली नसेल. जेवणातला फुफूचा गोळासुद्धा उभ्यानं गिळायचे, एक पाय लॉरीच्या पायरीवर ठेवून. सारपोमा नवरी म्हणून आली त्या दिवशीची गोष्ट गाव अजून सांगतं. तिला खुर्ची दिली, पाण्याचा पेला हातात दिला, आता ‘काय काम काढलंत?’ म्हणून विचारायचं, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. तसे हे महाशय निघाले ते कोको बंदरावर पोचवूनच आले. नवरी तीन दिवस पेला हातात धरून बसली होती असं लोक म्हणतात. काही बसली नव्हती. दुसऱ्याच दिवशी माझ्या ओसरीवर येऊन ती त्यांच्या नावानं शंख करत होती, आमची मैत्री तिथूनच झाली. पण विचारायचं राहिलं ते राहिलंच, हे मात्र खरं.

आमच्यात ही रीत फार कडक. दारात वैरी का येईना, आधी खुर्ची, मग पाणी, आणि पाणी पोटात गेल्यावरच विचारायचं, काय काम काढलंत? तो सांगणार, आपण ऐकणार. निघताना तो वाट मागणार, आपण अर्धीच देणार. उरलेली अर्धी आपल्याकडे, म्हणजे तो परत येतो. यातलं एक जरी राहिलं तरी पाहुण्याला उठवता येत नाही. खुद्द नानांनाही नाही, आणि नाना म्हणजे आमच्या गावचे राजे.

सारपोमा भाजलेले शेंगदाणे विकायची. पुड्या बांधायला रद्दी लागायची, ती भावोजी कुमासीहून लॉरीत टाकून आणायचे. त्या रद्दीत पुस्तकं निघायची आणि ही बया फाडायला घेतलेलं पान आधी वाचायची. गिऱ्हाईक ताटकळतंय, शेंगदाणे करपताहेत, बाईसाहेब पान उलटताहेत. असं करता करता अडीचशे पुस्तकं साठली. निम्म्यांची शेवटची पानं शेंगदाण्यांबरोबर गेलेली, त्यामुळे आमच्या गावात लोकांना गोष्टी माहीत आहेत, शेवट माहीत नाहीत. नानांनी तिला कोकोचं जुनं गोदाम वापरायला दिलं, तीच आमची लायब्ररी. एक खोली, एक खिडकी, आणि कोपऱ्यात सारपोमाची लाकडी खुर्ची.

भावोजींनी ती जिवंत असेतो एक पुस्तक उघडलं नाही. ती काही वाचून दाखवायला लागली की यांना टायरमधली हवा आठवायची. ती गेली आणि या माणसानं चाळीस दिवसांत लॉरी विकून टाकली, खोलीची किल्ली गळ्यात घातली आणि दारात जाऊन बसला. जन्मात पहिल्यांदा बसला. शेळ्या हाकलायचे, पुस्तकांवरची धूळ पुसायचे, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, “तिचं दुकान आहे, मी राखतोय.” मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. बाई जिवंत होती तेव्हा कुठं होतं हे प्रेम?

त्या खोलीवर जाम्फीचा डोळा होता. जाम्फी आमचा मेंबर. निवडून आल्यापासून सिमेंट विकतो, आणि सिमेंटला कोरडी जागा लागते. उघड मागायची सोय नव्हती, लायब्ररी म्हटलं की शिकलेले लोक ओरडतात. म्हणून तो वाट बघत होता, आणि अक्राहून लार्टेबाई आल्या.

लार्टेबाई एका संस्थेच्या. गोड बाई, पण शहरातली, उन्हात छत्री विसरणारी. त्यांनी पिशवीतून अंगाच्या साबणाएवढी काळी डबी काढली आणि दहा काचेच्या पाट्या काढल्या. “या डबीत तीस लाख पुस्तकं आहेत,” त्या म्हणाल्या. “पाटीवर बोट लावलं की हवं ते पुस्तक दिसतं. इंटरनेट लागत नाही. जागासुद्धा लागत नाही!”

हे शेवटचं वाक्य त्यांनी फार कौतुकानं म्हटलं. जाम्फीचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं लाईट आली.

“जागा लागत नाही?” त्यानं विचारलं.

“अजिबात नाही.”

“म्हणजे माझ्या फ्रीजवर ठेवली तरी चालेल?”

“चालेल की!”

“झालं तर!” जाम्फी भावोजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. “काका, सुटलात तुम्ही. तीस लाख पुस्तकं माझ्या फ्रीजवर, आणि ही रद्दी पुन्हा शेंगदाण्याला. खोलीचं मी बघतो.”

“पुस्तकं डबीत मावतील, मेंबर,” भावोजी म्हणाले. “वाचणारे मावतील का?”

“वाचणाऱ्यांना घरं आहेत ना त्यांची!”

भावोजी तिथून तडक निघाले. माझ्या घरी आले, पाणीसुद्धा न पिता म्हणाले, “फ्रेमा, ती खोली गेली की सारपोमा दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा मी रस्त्यावर होतो. आता तरी मला इथं असू दे.” आणि रडले. पुरुषमाणूस माझ्या ओसरीवर ढसाढसा रडला, आणि मला सुचलं काय, तर मी त्यांना खुर्ची दिली.

डबीचं रीतसर स्वागत नानांच्या अंगणात व्हायचं होतं. आता आमचे नाना कुणाशी थेट बोलत नाहीत. बोलायचं ते बादूकाकांशी. सोनेरी मुठीची काठी घेऊन बादूकाका मध्ये उभे, आपलं बोलणं ते नानांना सांगणार, नानांचं आपल्याला. आणि बादूकाकांना साधं वाक्य चालत नाही. त्यांना कुणी ‘मीठ द्या’ म्हटलं, तर ते ‘समुद्राची लेक’ आणतात. घराण्याचा धंदाच तो.

लार्टेबाई म्हणाल्या, “या डबीत तीस लाख पुस्तकं आहेत, ती मी गावाला देते.”

बादूकाका नानांकडे वळले. “नाना, समुद्राच्या अलीकडचे आणि पलीकडचे, मेलेले आणि जिवंत, तीस लाख शहाणे लोक आपलं नाव ऐकून आपल्या दारात आले आहेत.”

नाना मघापासून डुलक्या घेत होते, ऊनच तसं होतं. त्यांच्या कानावर एवढंच पडलं, ‘दारात आले आहेत’. ते ऐकल्यावर नाना जन्मभर जे म्हणत आले तेच म्हणाले. “बसायला द्या. पाणी द्या.”

बादूकाकांनी काठी जमिनीवर आपटली. “नाना म्हणतात, तीस लाख पाहुण्यांना बसायला द्या, पाणी द्या!”

अंगणात शेळीसुद्धा ओरडेना. काठीवरून उतरलेला शब्द परत काठीवर चढत नाही, हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं.

“अहो, पण ती डबी आहे!” जाम्फी ओरडला.

“नानांच्या शब्दात खोट काढताय, मेंबर?”

“खोट नाही हो… खोट कशी असेल…” त्याला घाम फुटला. “पण बसणार कोण? कुठं? तीस लाख!”

नानांची झोप उडाली होती. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, पण राजाला चूक करता येत नाही, फक्त पुढं जाता येतं. ते बादूकाकांच्या कानाला लागले. बादूकाका म्हणाले, “अंत्यविधीला गर्दी झाली की काय करतो आपण? वडीलधारे बसतात, बाकीचे थांबतात. खोलीत मावतील तेवढे बसतील. एक उठला की डबीतला दुसरा येईल.”

माझं मनगट कुणीतरी धरलं. भावोजी होते. डोळे असे चमकत होते, जणू माणूस वीस वर्षांनी लहान झालाय.

“फ्रेमा, तुझ्या खुर्च्या!”

“का? कशाला?”

“आण लवकर. पाहुणे उभे आहेत.”

झालं! खोलीत चाळीस खुर्च्या मावल्या. लार्टेबाई बिचाऱ्या घाबरून सगळ्याला हो म्हणत होत्या. वयानं मोठे आधी, असं ठरलं म्हणून त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचे चाळीस लेखक पाटीवर शोधून काढले आणि भावोजींनी एकेकाची खुर्ची ठरवली. त्यावर वाद! एकाची दहा पुस्तकं असतील तर? एकच बूड, एकच खुर्ची. दोघांनी मिळून एक लिहिलं असेल तर? दोन खुर्च्या, पण चिकटून. सारपोमाची लाकडी खुर्ची अडचण करत होती, ती मी उचलायला गेले तर भावोजी खेकसले, “तिला हात लावू नकोस.” राहिली ती कोपऱ्यात.

दुसऱ्या दिवसापासून भावोजी सकाळी बादली घेऊन निघायचे. प्रत्येक खुर्चीपुढं पेला धरायचा, वाकायचं, आणि पाणी दाराबाहेर ओतायचं. लाकडी खुर्चीपुढंही धरायचे. कुणी विचारलं नाही. दाराबाहेर इतकं गवत माजलं, की गावच्या साऱ्या शेळ्या लायब्ररीत यायला लागल्या. माणसं मात्र दारातूनच परत जायची, कारण बसायचं कुठं? शाळेचे हेडमास्तर पाटी बघायला आले, तासभर उभे राहिले, चाळीस रिकाम्या खुर्च्यांकडे बघत. शेवटी म्हणाले, “जरा टेकू का?” भावोजी म्हणाले, “मास्तर, हे सद्गृहस्थ साबण उकळण्यावर दोन खंड लिहून आलेत. त्यांच्या मांडीवर बसणार का तुम्ही?” मास्तर घरी गेले.

मला हे सगळं गमतीचं वाटत होतं तो शनिवार येईपर्यंत. त्या शनिवारी दोन अंत्यविधी एकदम आले. चाळीस खुर्च्या कमी. एका म्हाताऱ्याच्या सहा सुना शोकाची लाल वस्त्रं नेसून मांडवात उभ्या, आणि थोरली सगळ्यांदेखत मला म्हणाली, “जिवंत माणसं उभी, आणि मेलेल्या परक्यांना खुर्च्या! लाज वाटते का गं फ्रेमा?”

मी तणतणत लायब्ररीत गेले आणि पहिली दिसली ती खुर्ची धरली. भावोजी आडवे आले.

“पाहुणा बसलाय!”

“कुठाय?”

“तुला दिसत नाही म्हणून उठवशील? उद्या आंधळ्याच्या घरी गेलीस तर तुलाही उठवतील.”

“भावोजी, माझा धंदा बसला!”

“धंदा बसला ना? मग त्याला तरी खुर्ची कुठं देऊ मी!”

खुर्ची तिथंच सोडून मी बादूकाकांकडे गेले. म्हटलं, “काका, तुम्ही उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि माझं दिवाळं निघालं. पाहुणा खुर्चीवरून उठतो कसा, तेवढं सांगा.”

“जसा नेहमी उठतो,” बादूकाका म्हणाले. “काय काम काढलंत विचारायचं. ऐकून घ्यायचं. वाट द्यायची.”

“तो बोलणार कसा?”

“पुस्तक काय मग अंगाला लावायला लिहिलंय त्यानं?”

तर अशी मी वाचायला लागले. ज्ञानासाठी नाही, खुर्चीसाठी. पाटी हातात, समोर रिकामी खुर्ची, मी उभी. माझा पाहुणा मधमाश्यांवाला होता, कुठल्यातरी बर्फाच्या देशातला. तीनशे पानं! पहिली पन्नास पानं मी त्याला शिव्या घातल्या. मग हिवाळा आला, आणि त्या चिमुकल्या माश्या एकमेकींना चिकटून गोळा होऊन बसल्या, आतल्या बाहेर आणि बाहेरच्या आत अशा फिरत राहिल्या, आणि तो माणूस बाहेर बर्फात उभा राहून पोळ्याला कान लावून ऐकत राहिला. बाई गं, घरी माझं चुलीवरचं सूप आटून गेलं तरी मला कळलं नाही.

संध्याकाळी मी नानांच्या अंगणात गेले. काम नुसतं ऐकून भागत नाही, ते काठीपुढं सांगावं लागतं.

“याचं काम काय?” बादूकाकांनी विचारलं.

“हा सांगायला आलाय, की थंडीत पोळ्याला हात लावू नका. नुसता कान लावा.”

नाना थेट बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. “एवढ्या लांबून आला, एवढंच सांगायला?”

“त्याला राहवलं नाही, नाना.”

नानांनी मान डोलावली. मग म्हणाले, “त्याला अर्धी वाट द्या.” आणि माझी एक खुर्ची सुटली. तिच्यावर लगेच डबीतला दुसरा बसला असता, पण जाम्फी तिथंच होता आणि त्याचं डोकं सिमेंट वाळायच्या आत चालतं. त्यानं हात जोडले. “नाना, असं एकामागून एक येत राहिले तर आपली नातवंडं म्हातारी होतील. स्वागताला पहिले चाळीस बसले, ते मान्य. त्यांचं काम ऐकलं की स्वागत झालं असं धरू या. बाकीचे डबीत राहतील. आणि खोली…”

नाना दमले होते. त्यांनी हात हलवला. बादूकाका म्हणाले, “खोलीत बसलेल्या प्रत्येक पाहुण्याचं काम ऐकलं गेलं, आणि एकही पाहुणा बसलेला उरला नाही, की खोली मेंबरची.”

दुसऱ्या दिवशी जाम्फीनं गावात दवंडी पिटली. जो एका पाहुण्याला उठवील त्याला दोन केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा. अहो, गाव लोटलं! शिंपी, न्हावी, केळी भाजणाऱ्या बायका, पाटीसाठी रांग. ज्यांना वाचता येत होतं ते वाचत, ज्यांना येत नव्हतं ते शेजारी उभं राहून ऐकत आणि मासा वाटून घेत. लबाडी करणारेही होते. शिंपी तासाभरात काठीपुढं हजर.

“याचं काम काय?”

“हा… देवाचं सांगायला आलाय.”

“देवाचं काय?”

“देव… चांगला आहे.”

“हे सांगायला कुणी समुद्र ओलांडत नाही. परत जा.” ते पुस्तक विहीर खणण्यावरचं होतं. शिंप्याला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागली, आणि पुढं त्यानं स्वतःच्या परसात एक खणायला घेतली, पण ते सोडा.

तुम्हाला वाटेल, भावोजी खूश असतील. खोली कधी इतकी भरली नव्हती. पण जेवढी भरत होती तेवढीच रिकामी होत होती! रोज संध्याकाळी एक-दोन खुर्च्या उठायच्या, आणि मी त्या उचलून घरी न्यायची. भावोजी दारात उभे राहून प्रत्येकाला म्हणायचे, “सावकाश वाच रे. घाई कशाला?” ज्या माणसानं लॉरीवर हे लिहून जन्मभर पाळलं नाही, तो आता तेच म्हणत फिरत होता. एकदा त्यांनी न्हाव्याला शेवटच्या प्रकरणात गाठलं आणि घरी नेऊन फुफू खायला घातलं, नुसता वेळ काढायला.

“फ्रेमा, ही काय वेळ आणलीस माझ्यावर?” ते म्हणाले. “लोक वाचायला लागले! सारपोमा असती तर नाचली असती. आणि मला वाटतं, यांचे डोळे फुटावेत.”

“देव करो नि तसं न होवो.”

“नको, नकोच. पण थोडे चुरचुरावेत.”

शेवटची प्लास्टिकची खुर्ची उरली तिच्यावर समुद्रात दीपगृह बांधणारा एक इंजिनियर बसला होता. त्याला कुणी हात लावेना, इतका जाडजूड. जाम्फीनं ते काम स्वतः घेतलं. सिमेंटचा माणूस, दोन दिवसांत उरकीन म्हणाला. तीन आठवडे झाले. लाट आली की बांधलेलं वाहून जायचं, पुन्हा बांधायचे, पुन्हा वाहून जायचं. जाम्फी उभ्या उभ्या कपाळ बडवायचा, “अरे वाळू धुऊन घे, वाळू धुऊन घे!” दिवा लागला त्या दिवशी मेंबर सगळ्यांदेखत रडला. मला वाटलं, आता हा पाघळला. कसला पाघळतोय! डोळे पुसले आणि म्हणाला, “ट्रक बोलावतो.”

नाना स्वतः खोलीत आले, पालखीशिवाय, बादूकाकांचा हात धरून. जाम्फीनं दीपगृहवाल्याचं काम सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, मी खोटं बोलणार नाही. त्याला अर्धी वाट मिळाली. खोली रिकामी झाली. बाहेर ट्रक उभा होता.

“स्वागत झालं,” जाम्फी म्हणाला.

“एक राहिलंय,” भावोजी म्हणाले.

ते कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीशेजारी उभे होते, हातात सकाळचा पेला.

“इथं कोण?” बादूकाकांनी विचारलं.

“सारपोमा.”

“तिनं कुठलं पुस्तक लिहिलं?” जाम्फी म्हणाला. “शेंगदाण्याचं?”

“नाही लिहिलं. पण माझ्या दारात आली होती. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. गाव जाणतं. मग हॉर्न वाजला.” भावोजींनी हातातला पेला सावरला. “परत आलो तेव्हा ती चुलीपाशी होती. मला वाटलं, बसलं सगळं जागेवर. एवढी वर्षं ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडायची, आणि मी टायरकडे जायचो. काका, मी तिला विचारलंच नाही हो, काय काम काढलंस म्हणून.”

“अहो, बायको म्हणजे घरची!” जाम्फी ओरडला. “पाहुणी कसली? आणि तिचा अंत्यविधी झाला, गावानं तिला वाट दिली!”

“गावानं दिली,” भावोजी म्हणाले. “मी दिली नाही.”

या वेळी बादूकाकांनी शब्दांना एकही अलंकार लावला नाही. “विचारल्याशिवाय कुणी घरचं होत नाही,” ते म्हणाले.

नानांनी खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, “तिचं काम कुणाला ठाऊक आहे?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वळणारच. सारपोमाचं पोटातलं सगळं माझ्या ओसरीवर सांडायचं, हे गावात कुणाला माहीत नाही? आणि मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी, शिव्या देऊन झाल्यावर, तिनं सांगितलं होतं, आणि नंतरही कितीदा तरी. अगदी जिभेवर होतं. मी भावोजींकडे पाहिलं. त्या माणसाचा जीव डोळ्यांत आला होता. त्याला ते ऐकायचं होतं, जगात दुसरं काही नको होतं त्याला, आणि तरी तो मान हलवत होता. नको. सांगू नकोस.

“मला काय माहीत?” मी म्हटलं. “बायका सगळंच सांगतात होय एकमेकींना?”

“ही खोटं बोलते!” जाम्फी ओरडला.

“मग तू सांग, मेंबर. सांग ना. शेंगदाण्याचं पुस्तक तू वाचलंयस वाटतं!”

जाम्फी बाहेरच्या ट्रककडे बघायला लागला. नाना खुर्चीपुढं थोडे वाकले, जसं मोठ्या घरच्या बाईपुढं वाकतात, आणि बादूकाकांनी काठी आपटली. “जोवर काम ऐकलं जात नाही, तोवर पाहुणी बसलेली आहे. आणि पाहुणी बसली असताना घरात सिमेंट उतरवत नाहीत.”

ट्रक परत गेला. प्लास्टिकच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांना वाट मिळाल्यामुळे आता त्या खुर्च्यांवर कुणीही बसू शकत होतं. केळीवाल्या बायका दुसऱ्या दिवशी आल्या तर खोलीत एक लाकडी खुर्ची, बाकी जमीन. “फ्रेमा, गाव उभं आहे,” त्या म्हणाल्या, तशी मी कुरकुरत चाळीसच्या चाळीस परत नेऊन मांडल्या. शनिवारी कमी पडतात. पडू देत. माणसं रडताना उभी राहिली तर काही मरत नाहीत. डबी खिडकीत असते, साबणासारखी. तिला जागा लागत नाही.

भावोजी अजून रोज सकाळी पेला घेऊन लाकडी खुर्चीपुढं वाकतात आणि मोठ्यानं विचारतात, “काय काम काढलंस गं?” आणि थांबतात. घाई नसते. परवा मी तिथंच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुला माहीत आहे.”

“आहे.”

“खूप मोठं होतं?”

“भावोजी, विचारू नका. माझं तोंड किती सैल आहे तुम्हाला माहीत आहे.”

तुम्हालाही सांगणार नाही, उगाच तोंडाकडे बघू नका. आज तुम्हाला सांगितलं की उद्या जाम्फीच्या कानावर.

त्यांनी पेल्यातलं पाणी दाराबाहेर ओतलं, शेळी बाजूला केली. मग म्हणाले, “मी गेलो, की शवपेटी बंद करायच्या आधी माझ्या कानात सांग.”

“आणि मग ही खोली गेली म्हणजे?”

त्यांनी विचार केला. खोलीत शिंपी वाचत होता, दोघी केळीवाल्या एकाच पाटीत डोकं घालून बसल्या होत्या, आणि हेडमास्तर चक्क पाय पसरून बसले होते, माझ्या खुर्चीवर.

“मग हळू सांग,” भावोजी म्हणाले.